बांधावर आलेला माणूस

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात फुलोऱ्यातल्या तुरीवर ड्रोनने फवारणी चालली होती. तूर डोक्याच्या वर गेलेली, ओळी एकमेकींत गुंतलेल्या. अशा तुरीत पाठीवर पंप घेऊन शिरायचं म्हणजे फुलं झाडत, फांद्या मोडत आणि स्वतःच्याच तोंडावर औषध घेत चालायचं. ड्रोन तीच तूर वरून, एकरी सात-आठ मिनिटांत फवारून मोकळा होतो. पण त्या सात-आठ मिनिटांआधी जे काम चाललं, ते बारकाईने पाहण्यासारखं होतं.

ड्रोन चालवणारी ताई बचत गटातली. ती रिमोट हातात धरून आधी शेताच्या धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे बांधाबांधाने, फिरली. प्रत्येक कोपऱ्यावर थांबायचं, बटण दाबायचं, की तो बिंदू पडद्यावरच्या नकाशात बसतो. कागदावर चौकोनी दिसणाऱ्या या शेताला प्रत्यक्षात नऊ कोपरे निघाले, कारण एका अंगाने नाल्याने जमीन खाल्ली होती. मधे एक जुनी बाभूळ होती. तिच्याभोवती नकाशावर वेगळं रिंगण आखावं लागलं. दुसऱ्या अंगाला कृषिपंपाच्या तारा लोंबत होत्या. त्या बाजूचा पट्टा सोडून द्यावा लागला. मग तिने धुऱ्यावरचं वाळकं गवत तळहातावर चुरलं आणि हवेत सोडलं. वारा शेजारच्या वावराकडे वाहत नाही ना, हे पाहून घेतलं. फवारणी होणार असल्याचं ग्रामपंचायतीला आणि शेजाऱ्यांना आदल्या दिवशीच कळवलेलं होतं. एवढं झाल्यावर दहा लिटरची टाकी भरली, बॅटऱ्या बसल्या आणि सहा पंख्यांचं ते यंत्र आपलं आपण उचललं गेलं.

पुढे तिचे अंगठे रिमोटच्या दांड्यांवर नुसते टेकलेले होते. ड्रोन पिकाच्या वर दोनेक मीटरवरून सरळ गेला, शेताच्या टोकाला वळला, शेजारची पट्टी धरून परत आला. टाकी संपली तेव्हा कुठवर फवारलं ती जागा त्याने लक्षात ठेवली, निघालेल्या ठिकाणी येऊन उतरला आणि टाकी भरल्यावर नेमका तिथूनच पुढे सुरू झाला. शेतात माणूस नव्हता. धुऱ्यावर मात्र पाच जण होते: चालवणारी ताई, बॅटऱ्या बदलणारा तिचा नवरा, औषध कालवणारा गडी, पाण्याचा ड्रम सांभाळणारा मुलगा आणि शेतमालक.

या अंकासाठी संपादकांनी विषय दिला होता ‘माणसाशिवाय चालणारी शेती’. तो डोक्यात ठेवून विदर्भापासून उसाच्या पट्ट्यापर्यंत जे पाहिलं, त्यात माणूस नाहीसा झालेला कुठेच दिसला नाही. तो शेतातून बांधावर आलेला दिसला. काही ठिकाणी हे बांधावर येणं म्हणजे सुटका आहे. काही ठिकाणी त्याला बांधावरही जागा उरत नाही. शेतीतलं स्वयंचलन चांगलं की वाईट हा वाद या फरकावर आणून ठेवला, तरच त्यातून काही हाती लागेल.

पाठीवरचा पंप

ड्रोनचं मोल कळायला २०१७ सालचं यवतमाळ आठवावं लागतं. त्या वर्षी कपाशी नेहमीपेक्षा उंच वाढली होती. पाच-सहा फुटांची झाडं, दाट फांद्या. गुलाबी बोंडअळीने आणि रसशोषक किडींनी शेतकरी हैराण झाले होते. एकात दुसरं औषध मिसळून फवारण्या चालल्या. जास्त जोराने तुषार फेकणारे बॅटरीवरचे पंप नुकतेच स्वस्त झालेले. वाफ धरलेल्या शेतात, छातीच्या आणि तोंडाच्या उंचीवर ते औषध उडत होतं आणि फवारणारा त्याच धुक्यात पुढे पाऊल टाकत होता. हातमोजे नाहीत, मास्क नाही, तोंडाला फार तर रुमाल. जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. मेलेल्यांत दुसऱ्याच्या शेतावर रोजाने फवारायला गेलेले मजूर होते, ही गोष्ट विसरता कामा नये. औषध कोणतं घ्यायचं हे त्यांनी ठरवलं नव्हतं, मिश्रणही त्यांनी सुचवलं नव्हतं.

म्हणून विदर्भातल्या धुऱ्यावर उभं राहून ड्रोन पाहताना पहिला विचार येतो तो मजुरी वाचण्याचा नसतो. त्या विषाच्या धुक्यातून एक माणूस बाहेर आला, हा असतो.

फवारणीतून माणूस बाहेर काढण्याची कल्पना नवी नाही. जपानमध्ये यामाहा कंपनीने १९८७ साली आर-५० हे चालकविरहित छोटं हेलिकॉप्टर भातावरच्या फवारणीसाठी आणलं. तिथे शेतात राबणारे हात म्हातारे होत चालले होते आणि चिखलाच्या खाचरात पंप घेऊन फिरणं त्यांच्याने होईना. आपल्याकडे ही दारं उघडली ती २०२१ च्या ड्रोन नियमांनी. परवानग्यांचं जंजाळ त्यांनी बरंच कमी केलं. त्याच वर्षाच्या अखेरीस केंद्रीय कृषी मंत्रालयाने ड्रोन-फवारणीची कार्यपद्धती ठरवून दिली. नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर झाली: १५,००० महिला बचत गटांना ड्रोन, किमतीच्या ८० टक्के आणि जास्तीत जास्त ८ लाख रुपये अनुदान, एकूण तरतूद १,२६१ कोटींची. गटातल्या एकीला पंधरा दिवसांचं प्रशिक्षण. त्यातले पाच दिवस उडवण्याचे, बाकीचे शेतीतल्या वापराचे.

त्या पंधरा दिवसांनी काय बदललं, हे ताईच्या बोलण्यातून कळतं. “सुरुवातीले मले लय भेव वाटे. एवढं महागाचं यंत्र, पडलं तं भरून कोण देईन? आता लोक सोताच फोन करतात, ताई, आमच्याकडे कवा येता म्हणून.” एकरी चारशे-पाचशे रुपये भाडं मिळतं. अडचणीही ती तितक्याच सरळ सांगते. ड्रोन, बॅटऱ्या, चार्जर आणि जनरेटर एवढा पसारा दुचाकीवर मावत नाही, चारचाकी भाड्याने घ्यावी लागते. एक टाकी उडाली की बॅटऱ्यांची जोडी जवळजवळ संपते, म्हणून बॅटऱ्या जेवढ्या जास्त तेवढे दिवसाचे एकर जास्त. पंख्याचं पातं मोडलं तर ते गावात मिळत नाही. आणि काम आहे ते पावसाळ्यापासून तूर फुलोऱ्यात येईपर्यंत. उरलेल्या महिन्यांत यंत्र झाकून ठेवायचं. ड्रोन देऊन योजना संपते असं मानलं तर पुढच्या दोन हंगामांत हे ड्रोन पंचायतीच्या खोलीत धूळ खात पडतील. दुरुस्ती, सुटे भाग आणि उरलेल्या महिन्यांचं काम ही योजनेचीच अंगं आहेत.

बादलीपाशी

धुऱ्यावरच्या पाच जणांतला औषध कालवणारा गडी माझ्या नजरेतून सुटला नाही. त्याचं काम नीट समजून घ्यायला हवं.

पाठीवरच्या पंपाने वाढलेल्या पिकाला एकरी दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं. ड्रोन तेच एकर दहा लिटरमध्ये फवारतो. पाणी वाचलं ही चांगलीच गोष्ट, कारण फवारणीसाठी लांबून पाणी वाहणं हे बहुतेक ठिकाणी बायकांच्या डोक्यावरचं काम होतं. पण औषधाची मात्रा एकरावर ठरते, पाण्यावर ठरत नाही. तेवढंच औषध पंधरा-वीसपट कमी पाण्यात कालवलं की ते द्रावण तितकंच जहाल होतं. थेंब बारीक, त्यात औषध दाट. म्हणून उंची चुकली, वेग कमी पडला किंवा एकाच पट्टीवर दोनदा फेरी गेली तर पानं करपतात. दोन औषधं मिसळली आणि द्रावण फाटलं तर नोझल तुंबतात. वारा वाढला तर बारीक थेंब शेजारच्या पिकावर, विहिरीवर, बांधावरच्या वैरणीवर जाऊन बसतो. पंख्यांचा वारा झाडाची पानं हलवतो, त्यामुळे थेंब थोडे आतही शिरतात. तरी दाट कपाशीत पानाच्या खालच्या बाजूला बसलेल्या किडीपर्यंत ते पोचवणं अजून अवघडच आहे.

आणि हे जहाल द्रावण तयार होतं ते बादलीत. शेतातला धोका पुष्कळ कमी झाला. जो उरला तो बादलीपाशी एकवटला. तो गडी उघड्या हाताने बाटलीचं बूच काढत होता, काठीने ढवळत होता आणि बॅटरी बदलायच्या घाईत टाकीत ओतताना थोडं बोटांवर सांडत होतं. ताईने त्याला हातमोजे घालायला लावले तेव्हा त्याने घातले, दोन टाक्यांनंतर काढून ठेवले. उकाडा होता आणि मोज्यांनी बाटली निसटत होती.

यावर उपाय आहेत आणि ते ड्रोनइतके महागही नाहीत. बाटलीतून थेट टाकीत औषध ओढून घेणारा बंद पंप, मापाचं भांडं, हात धुवायला वेगळं पाणी आणि साबण, पातळ पण औषध न झिरपणारे मोजे. ड्रोनच्या अनुदानात बॅटऱ्या मोजल्या जातात तसा हा संचही मोजला गेला पाहिजे. विषातून माणूस काढायला आणलेल्या यंत्राच्या शेजारी एक माणूस अजून विषात हात घालून बसला असेल तर काम अर्धंच झालं.

रात्रीची लाईट

स्वयंचलित यंत्र म्हटलं की डोळ्यांपुढे ड्रोन येतो, रोबो येतो. महाराष्ट्राच्या शेतात आपलं आपण चालू होणारं पहिलं यंत्र मात्र विहिरीवरची मोटर आहे. शेतीची थ्री फेज लाईट आठवड्याचे काही दिवस रात्री येते. पूर्वी ती आली की उठायचं, बॅटरी घ्यायची, अंधारात पाटाच्या कडेने विहिरीवर जाऊन स्टार्टर दाबायचा. साप, विंचू, आणि जुन्नरपासून संगमनेरपर्यंतच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या. या रात्रींची भीती ज्या घरांनी काढली आहे त्यांना ऑटोस्टार्टरचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. लाईट आली की मोटर सुरू, गेली की बंद. नंतर मोबाईलवरून मोटर चालू-बंद करणारे स्टार्टर आले. द्राक्षाच्या आणि डाळिंबाच्या बागांत ठिबकच्या व्हॉल्व्हलाच विजेवर उघडझाप करणारं झाकण आलं. वेळापत्रक लावून दिलं की एकेक प्लॉट ठरलेल्या वेळी भिजतो आणि पाण्यातून खतही ठरल्या मापात जातं.

या साध्या यंत्राने एक मोठा धडाही दिला. लाईट आली की एका रोहित्रावरच्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू होतात. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट वीज खेचते. सगळ्यांनी मिळून ती खेचली की रोहित्र जळतं आणि ऐन गरजेच्या वेळी सगळ्यांचंच पीक वाळायला लागतं. ऑटोस्टार्टर काढा, कॅपॅसिटर बसवा, असं महावितरण वर्षानुवर्षं सांगत आली आहे. शेतकरी काढत नाहीत, कारण त्यांच्या बाजूने हिशोब सरळ आहे: शेजाऱ्याने काढला नाही आणि मी काढला तर माझंच रान कोरडं राहील.

एकेकट्याने घेतलेलं शहाणपणाचं यंत्र सगळ्यांनी घेतलं की वेगळंच वागतं. याला उत्तर यंत्रात नव्हतं. काही गावांत एका रोहित्रावरच्या शेतकऱ्यांनी एकत्र बसून स्टार्टरला कमी-जास्त मिनिटांचा उशीर लावून घेतला, तिथे रोहित्र टिकलं. त्याहून मुळातलं उत्तर म्हणजे दिवसा वीज. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली आणि २०२३ मध्ये दुसऱ्या टप्प्यात वाढवली गेली ती त्यासाठीच. जिथे दिवसा लाईट मिळते तिथला शेतकरी रात्री घरी झोपतो. त्याच्या आयुष्यात एवढा फरक अजून कुठल्याही रोबोने केलेला नाही.

सरळ तास

अकोल्याकडे सोयाबीनच्या पेरणीला जीपीएसवर चालणारा ट्रॅक्टर पाहायला मिळाला. ट्रॅक्टर नेहमीचाच. स्टिअरिंगच्या जागी मोटर असलेलं चाक, टपावर अँटेना, चालकापुढे छोटा पडदा आणि धुऱ्यावर तिवईवर उभं केलेलं एक यंत्र. खरी गंमत त्या तिवईवरच्या यंत्रात आहे. उपग्रहावरून मिळणारी जागा वातावरणातल्या अडथळ्यांमुळे काही मीटर इकडेतिकडे होते. तिवईवरच्या यंत्राला आपली जागा पक्की ठाऊक असते. म्हणून उपग्रह या क्षणी किती चुकतो आहे हे ते काढतं आणि रेडिओने ट्रॅक्टरला कळवत राहतं. ट्रॅक्टर तेवढी चूक वजा करतो आणि दोन-तीन सेंटिमीटरच्या आत सरळ चालतो.

पहिलं तास चालकाने स्वतः धरलं, दोन टोकं पडद्यावर नोंदवली. पुढची सगळी तासं त्या रेषेला समांतर, चाकाला हात न लावता. शेताच्या टोकाला मात्र चालकच वळवत होता, पेरणीयंत्र उचलत-टेकवत होता, बियाण्याची नळी तुंबली का ते मागे वळून पाहत होता. गावात या ट्रॅक्टरला बिनड्रायव्हरचा म्हणतात. खरं तर त्यातला ड्रायव्हर रेषेपासून मोकळा झाला आणि बियाण्याकडे लक्ष द्यायला त्याला वेळ मिळाला. तासं सरळ पडली की पुढे डवरणीला यंत्र ओळीतून नीट जातं, रोपं कापली जात नाहीत. दोन तासांमध्ये जागा सुटत नाही, एकावर एक बी पडत नाही.

पेरणी मात्र सुरू कधी करायची हे पडद्याने सांगितलं नाही. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. ट्रॅक्टर सकाळपासून उभा होता. शेतमालक दर तासाला वावरात जाऊन दोन बोटं खोलीवरची माती उचलत होते, मुठीत दाबत होते, बोटाने ढेकूळ फोडत होते. माती हाताला चिकटते तोवर वापसा नाही. दुपारी तीनच्या सुमाराला ढेकूळ मोकळं फुटलं आणि ते म्हणाले, “चालू करा.” मातीतला ओलावा मोजणारे सेन्सर आहेत, बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या प्रक्षेत्रावर ते उसाच्या मुळाशी पुरलेले दिसतात, उपग्रहाची छायाचित्रं आणि हवामान केंद्राच्या नोंदी जोडून पाणी-खताचा सल्ला मोबाईलवर देण्याचा प्रयोगही तिथे चालू आहे. असा सल्ला उपयोगाचाच आहे. पण एकाच वावरात वरच्या अंगाला मुरमाड आणि खालच्या अंगाला काळी माती असते, तिथे एका सेन्सरचा आकडा दोन्हीकडे लागू पडत नाही. कुठला आकडा कुठल्या तुकड्याला लावायचा हे त्या रानात वाढलेला माणूसच जाणतो.

परदेशात हा प्रवास कितीतरी पुढे गेला आहे. अमेरिकेतल्या जॉन डिअर कंपनीने जानेवारी २०२२ मध्ये चालकाशिवाय नांगरट करणारा ट्रॅक्टर जाहीर केला. त्याच्या पुढे-मागे कॅमेऱ्यांच्या सहा जोड्या असतात आणि शेतकरी मोबाईलवर नजर ठेवतो. नजर पोचणार नाही एवढी सलग शेतं असलेल्या मुलखासाठी तो ट्रॅक्टर बनला आहे. महाराष्ट्रात २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर, तेही तुकड्यांत वाटलेलं. इथे तो ट्रॅक्टर शेतात मावायच्या आधी वळणावरच अडेल.

मला आपल्या उपयोगाचा वाटतो तो इंग्लंडमधल्या हार्पर ॲडम्स विद्यापीठाचा प्रयोग. तिथल्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक हेक्टर सातू पेरणीपासून कापणीपर्यंत शेतात माणूस न जाता पिकवला. त्यासाठी त्यांनी ३८ अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर आणि जुनं छोटं कापणीयंत्र घेतलं आणि त्यांवर ड्रोनसाठी बनवलेली, सर्वांना मोफत खुली असलेली चालनप्रणाली बसवली. यंत्रं दरवर्षी मोठी आणि जड होत चालली आहेत आणि माती दाबून टाकत आहेत. चालकच नसेल तर एका मोठ्या यंत्राऐवजी लहान-लहान यंत्रं का नकोत, हा त्यांचा सवाल होता. तुकड्यांच्या शेतीला हा सवाल जवळचा आहे. आपल्याकडचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि तालुक्याच्या गावातले फिटर मिळून पॉवर टिलरवर असा प्रयोग करू शकतात, आणि कृषी विद्यापीठांनी त्यांना जागा आणि पैसा द्यायला हवा.

कोयता आणि यंत्र

उसाच्या पट्ट्यात गेलं की हा विषय बोचू लागतो. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिवकडून लाखो माणसं बिऱ्हाड घेऊन कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि पाच-सहा महिने ती फेडायची. पहाटे फडात शिरायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. सुट्टी घेतली की खाडा, खाड्याचा दंड. या कामाने बाईच्या शरीराचं काय होतं ते २०१९ मध्ये साऱ्या राज्याने ऐकलं. बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि चौकशीला समिती नेमावी लागली. हे काम आहे तसंच राहावं असं कुणीही म्हणू नये.

तोडणीयंत्र फडात चालताना पाहिलं की त्याची ताकद कळते. पुढची पाती शेंडा उडवतात, खालची फिरती चकती बुडाशी कापते, आतले रोलर ऊस ओढून वीतभर लांबीच्या कांड्या करतात, पंखा पाचट बाहेर फेकतो आणि उचलपट्टा कांड्या शेजारून चालणाऱ्या ट्रॉलीत टाकतो. दिवसाला शंभर टन तोडणी धरली आणि एका कोयत्याची दीड-दोन टन, तर एक यंत्र पन्नास-साठ जोड्यांचं काम करतं. ऑस्ट्रेलियात १९७० चं दशक संपेपर्यंत ऊसतोडणी पूर्णपणे यंत्रावर गेली. आपल्याकडे यंत्र सुमारे एक कोटीचं. राज्य सरकारने २०२३ मध्ये त्यासाठी ४० टक्के, जास्तीत जास्त ३५ लाखांचं अनुदान जाहीर केलं. तोडणीला टोळ्या मिळत नाहीत, मिळाल्या तर उचल घेऊन पळतात, ही कारखान्यांची आणि वाहतूकदारांची तक्रार खरी आहे. ऊस फडात उभा राहून वाळतो, तुरा येतो, वजन घटतं, ही शेतकऱ्याची चिंताही खरी आहे.

यंत्राच्या अटी मात्र लागणीपासूनच सुरू होतात. त्याला साडेचार-पाच फुटांची सरी लागते. तीन-साडेतीन फुटांच्या जुन्या सरीत चाक उसावर चढतं. लांब फड लागतात, वळायला जागा लागते. बांध, पाट, ठिबकच्या नळ्या आडव्या येतात. सांगलीकडच्या एका शेतकऱ्याने काळ्या रानात उमटलेल्या चाकोऱ्या दाखवत सांगितलं, “एवढं जड यंत्र ओल्या रानात आलं की रान दाबतंय बघा. खोडवा फुटायला लागतोय तवा कळतंय.” कांड्या लवकर गाळाव्या लागतात, नाहीतर साखर उतरते. कांड्यांसोबत पाला जातो म्हणून कारखाना वजनात वजावट करतो. आणि जनावरांना मिळणारं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, बंद होतं. तोडणाऱ्यांना ते विकून रोजचे चार पैसे मिळत, गावच्या गोठ्यांना हिरवी वैरण मिळे. यंत्र ते बारीक करून रानात पसरतं.

बीडकडच्या एका तोडकऱ्याला मी यंत्राबद्दल विचारलं. त्याने यंत्राला नावं ठेवली नाहीत. “आमच्या पोरांनी कोयता धरू नये हेच आम्हाला वाटतंय. पण यंत्र आलं तर आम्ही काय धरायचं, तेवढं कुणी सांगत नाही.” घरी दोन एकर कोरडवाहू, त्यावर घर चालत नाही, म्हणूनच तर कोयता. यवतमाळच्या फवारणीत यंत्राने माणसाला विषातून काढलं आणि त्याच गावातल्या बाईच्या हाती नवं काम दिलं. इथे यंत्र सांगलीत चालतं आणि काम जातं ते शिरूर कासारच्या वस्तीवर. नफा आणि तोटा एका गावात नाहीत, एका जिल्ह्यात नाहीत, म्हणून तोट्याचा आवाज यंत्राच्या अर्जापर्यंत पोचत नाही.

अर्जात नसलेला रकाना

राज्याने २०२५ मध्ये महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं, त्यासाठी पहिल्या तीन वर्षांना ५०० कोटींची तरतूद केली. यंत्रं येणार आहेत आणि त्यांतली पुष्कळशी यायलाच हवीत. प्रश्न उरतो तो क्रमाचा आणि मालकीचा.

क्रमाबद्दल माझं म्हणणं असं की ज्या कामात जीव जातो, शरीर मोडतं, झोप जाते, ते काम आधी यंत्राकडे जावं: फवारणी, रात्रीचं पाणी, डोक्यावरची मोळी. अनुदानाचा पहिला रुपया तिकडे वळावा. मालकीबद्दल चित्र स्पष्ट आहे. सव्वा हेक्टरच्या शेतकऱ्याने एक कोटीचं यंत्र घ्यायचं नसतं, दहा लाखांचा ड्रोनही घ्यायचा नसतो. त्याला त्या यंत्राचं तासभराचं काम हवं असतं. बचत गट, शेतकरी उत्पादक कंपनी, विकास सोसायटी यांच्याकडे यंत्र असेल आणि भाडं ठरलेलं असेल, तर लहान शेतकऱ्यालाही ते परवडतं. जीपीएसच्या ट्रॅक्टरची धुऱ्यावरची तिवई एका शेतापुरती असण्याचं कारण नाही. गावाच्या उंच जागी एक बसवली तर शिवारातले सगळे ट्रॅक्टर तिच्यावर चालतील. रोहित्राचा धडा इथे लक्षात ठेवायचा: यंत्र एकेकट्याचं असलं तरी त्याचे नियम गावाने बसून ठरवावे लागतात.

आणि कोयता खाली ठेवणाऱ्याचं काय? तोडणीयंत्रावर चालक लागतो, मदतनीस लागतो, शेजारून चालणाऱ्या ट्रॉल्यांचे चालक लागतात, पाती बदलणारा, हायड्रॉलिक जाणणारा फिटर लागतो. पन्नास-साठ जोड्यांचं काम घेणारं यंत्र अशी आठ-दहा माणसं मागतं. ती आठ-दहा कामं तोडकऱ्यांच्या मुलामुलींना मिळणं हा पहिला हक्क मानला गेला पाहिजे, आणि बाकीच्यांसाठी त्यांच्या गावात पाणी, रोजगार हमीचं काम आणि शिक्षण पोचलं पाहिजे. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याणकारी महामंडळ राज्यात आहे. यंत्राच्या अनुदानाचं कागदपत्र आणि महामंडळाचं कागदपत्र एकमेकांना जोडण्यात कसलीही तांत्रिक अडचण नाही.

आज यंत्राच्या अर्जात सातबारा विचारतात, कोटेशन विचारतात, बँकेचं पत्र विचारतात. हे यंत्र कोणाचं काम घेणार आणि त्याला पुढे कोणतं काम मिळणार, हा रकाना त्यात नाही. तो घालावा. कारखान्याच्या सर्वसाधारण सभेत, ग्रामसभेत, बचत गटाच्या मासिक बैठकीत जेव्हा यंत्र घेण्याचा ठराव येईल, तेव्हा त्या यंत्रामुळे बांधावर येणाऱ्या माणसाची मजुरी, त्याचं प्रशिक्षण आणि त्याची सुरक्षितता यांचा ठराव त्याच सभेत, त्याच वहीत मंजूर झाला पाहिजे.